मास्तरांची टेकडी

माझे सासरे शिंपी. सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणतो आणि मीही मास्तरच म्हणतो. लग्नानंतर एकदा 'बाबा' म्हणून पाहिलं होतं, तर त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की जणू मी माप न देता कोट मागतोय. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. खिडकीशी शिलाईयंत्र, मधे कापायचं लांबलचक टेबल आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेले कागदी फर्मे: बाह्या, पाठी, कॉलरी. अंधारात कोणी आत शिरलं तर सोललेली माणसं टांगली आहेत असं वाटावं. मी आणि बायको वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून लोक मला घरजावई म्हणतात. मी वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेतो. जे तोंडावर घरजावई म्हणतात त्यांचं रीडिंग मी जरा जास्तच मन लावून घेतो.

मास्तरांची एक गोष्ट होती. गिऱ्हाईकाचं छातीचं माप घेताना ते ती सांगायचे, कारण त्या वेळी गिऱ्हाईकाचे दोन्ही हात वर असतात आणि त्याला पळून जाता येत नाही. गोष्ट अशी. तरुणपणी ते या गावात नवेच आले होते, एका टेलरकडे हाताखाली होते. कोणाचा तरी कोट पोचवायला निघाले आणि वाट चुकले. मान वर करून बघतात तर समोर टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर एक मुलगी, डोळ्यांवर हात धरून उभी. मागे नुसतं आकाश. रस्त्यात एकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, गिरणीवाल्याची मुलगी असेल. पुढच्या रविवारी मास्तर इस्त्रीचे कपडे घालून पिठाच्या गिरणीत गेले आणि मुलगी मागितली.

इथपर्यंत गोष्ट आली की आतून सासूबाईंचा आवाज यायचा.

"कसली टेकडी? आमच्या गिरणीमागे सपाट जमीन होती. मी जन्मात टेकडी चढलेली नाही."

"अगं, मी या डोळ्यांनी बघितली!"

"डोळे तपासून घ्या."

हे चाळीसेक वर्षं चाललं होतं. दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की सासूबाई बाहेर गेलेल्या असल्या तर मास्तर गोष्ट अर्धी सोडायचे. आतून कोणी खोडून काढणार नसेल तर सांगण्यात काय मजा?

मग तो नकाशा आला.

मास्तर फर्म्यांसाठी रद्दीवाल्याकडून जाड कागद आणत. एकदा त्यांना एक गठ्ठा मिळाला, आणि त्यातला एक मोठा कागद चक्क कापडावर चिकटवलेला होता. शिंप्याला याहून मोठं सुख नाही. असा फर्मा फाटत नाही, चुरगळत नाही, पुढच्या पिढीलाही पुरतो. मास्तरांनी लगेच त्याचा एक कोपरा कापून कॉलरीचा फर्मा केला. दुसरी कॉलर कापताना त्यांना कागदावर 'पिठाची गिरणी' अशी बारीक अक्षरं दिसली आणि कात्री थांबली.

तो आमच्याच भागाचा जुना नकाशा होता. मोजणीवाल्यांनी गावोगाव पायी हिंडून काढलेला. एकेक घर चौकोनाने दाखवलेलं, विहिरी, झाडं, गाडीवाटा, सगळं काही. आणि गिरणीच्या अगदी मागे, तपकिरी शाईने काढलेली एकात एक अशी चार-पाच वाकडीतिकडी वेटोळी.

"टेकडी!" मास्तर ओरडले. गिऱ्हाईकाच्या हातून आरसा पडता पडता वाचला.

नकाशात अशा वेटोळ्यांनी जमिनीची उंची दाखवतात एवढं मलाही शाळेतलं आठवत होतं. पण मास्तरांनी ते मला समजावलंच. "हे बघा जावईबापू, एकाच फर्म्यावर आम्ही सगळी मापं काढतो. सगळ्यात बाहेर मोठं माप, आत लहान, त्याच्या आत आणखी लहान. तसंच हे. बाहेरच्या रेषेवर आकडा मोठा आहे, आत आत कमी होत गेलाय. म्हणजे टेकडी खाली घेरदार, वर निमुळती. आणि ह्या रेषांना आतल्या बाजूने बारीक बारीक काड्या दिसतात ना? हे गोलाईला मारलेले कट. गोल कापडाला कट मारले नाहीत तर चुण्या पडतात. मोजणीवाला जाणकार होता."

मला पटलं. कॉलर नीट बसवणारा माणूस टेकडीबद्दल कशाला चुकेल? खुणांचा अर्थ सांगणारी चौकट नकाशाच्या ज्या कोपऱ्यात होती, तो कोपरा एव्हाना कॉलर होऊन खिळ्याला टांगलेला होता. पाठीमागे कापड, पुढे डिंक आणि खडूच्या रेघा. ते वाचायचं कोणाला सुचणार?

मास्तरांनी बक्रमचे, म्हणजे कॉलरीत घालतात त्या ताठ कापडाचे, पाच तुकडे वेटोळ्यांच्या आकारात कापले आणि मोठ्यावर लहान असे रचून शिवले. टेकडी तयार झाली. ती जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली. आठवडाभर आम्ही टेकडीच्या चारी बाजूंना बसून जेवलो, आणि मला मीठ हवं असलं की टेकडीला वळसा घालून मागावं लागायचं.

घोडं एका ठिकाणी अडलं. गिरणी पाडून तिथे कधीच इमारती झाल्या होत्या, आणि तो सगळा भाग तव्यासारखा सपाट होता. मास्तर रोज सकाळी दोऱ्याचं रिकामं रीळ घेऊन तिकडे जायचे, रस्त्यावर ठेवायचे आणि ते कुणीकडे घरंगळतं ते बघत उकिडवे बसायचे. रीळ हलायचं नाही. माझी रीडिंगची फेरी त्याच गल्ल्यांत. मी मान खाली घालून दुसऱ्या बाजूने जायचो.

"टेकडी होती, आता नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे कोणीतरी नेली."

ही बातमी औषधाच्या दुकानात पोचली, आणि औषधवाला म्हणजे सभा भरवायला निमित्तच शोधणारा माणूस. त्याने 'टेकडी शोध समिती' काढली आणि बक्रमची टेकडी आपल्या काचेच्या कपाटात खोकल्याच्या बाटल्यांमधे मांडली. मग लोक बिघडले. वर्षानुवर्षं त्या रस्त्याने भाजी घेऊन तरातरा जाणाऱ्या बायका मधेच थांबून कमरेवर हात ठेवू लागल्या. "चढ आहे बाई इथे," असं एकमेकींना सांगू लागल्या. गुडघ्याच्या मलमाचा खप वाढला. नकाशातलं सगळ्यात आतलं वेटोळं ज्या घरावर येत होतं तिथे एक दाताचे डॉक्टर राहायचे. ते तळमजल्यावर राहूनही "आमच्याकडे वर वारा छान असतो" म्हणायला लागले. कपाळाला हात लावायचा तरी किती वेळा?

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट माझ्या बायकोच्या लक्षात आली.

"आई भांडत नाहीये," ती म्हणाली.

खरंच. मास्तर गिऱ्हाईकाला गोष्ट सांगत होते, टेकडीपाशी येऊन सवयीने थांबत होते, आणि आतून आवाज येत नव्हता. जेवताना मास्तर म्हणाले, "टेकडी चांगली उंच होती हं." सासूबाई म्हणाल्या, "हो, असेल." मी घास हातात धरून बघत राहिलो. माझ्या सासूबाई कोणाला 'हो' म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. मी नळाला पाणी आलंय असं सांगितलं तरी त्या आधी 'नाही' म्हणून मग बघायला जायच्या.

बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्या बोलल्या. "टेकडी असली तर असू दे. मला तिचं काय करायचंय? पण मी टेकडी कधी चढले नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग वर कोण उभी होती?"

गिरणीवाल्याला मुली तीन. सासूबाई मधल्या. मास्तर मागायला आले तेव्हा थोरलीचं ठरलेलं होतं आणि धाकटी लहान होती. गिरणीवाल्याने मधली देऊ केली, मास्तरांनी मान हलवली. मुलगी तीच ना, हे कोणी विचारलंच नाही. आजवर टेकडीच नव्हती, त्यामुळे ही सगळी नवऱ्याची कल्पना आहे, बोलायची हौस आहे, असं म्हणून सासूबाई निर्धास्त होत्या. आता टेकडीचा पुरावा मिळाला होता. खरोखर टेकडी असेल तर तिच्यावर खरोखर कोणीतरी मुलगी असणार, आणि ती सासूबाई नव्हत्या. मग त्या कोण? उरलेली मुलगी.

"थोरली सगळीकडे चढायची," त्या हळूच म्हणाल्या. "झाडावर, भिंतीवर, कुठेही."

त्यांनी थोरल्या बहिणीला फोनही केला. "तू टेकडीवर जायचीस का गं?" पलीकडून उत्तर आलं, "गेले असेन बाई, आता काय आठवतंय!" याहून वाईट उत्तर नसेल. सासूबाईंनी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी.

मला मास्तरांचा राग आला. मी सरळ दुकानात गेलो. "मास्तर, टेकडी सापडली तर सासूबाई हातच्या जातील."

त्यांनी यंत्रावरून मान वर केली. "ती कुठे जातेय? स्वयंपाकघरात तर आहे."

काही माणसांना मीटरसारखं समोर दिवा लागल्याशिवाय कळत नाही. मी हात टेकले.

तोवर समितीने टेकडी चोरीला गेल्याची तक्रार करायचं ठरवलं. ठाण्यात मास्तर, औषधवाला आणि, बायकोने "बाबांवर लक्ष ठेवा" म्हणून धाडलेला, मी. हवालदार सज्जन होते. त्यांनी हातातलं पेन झटकलं.

"काय हरवलंय?"

"टेकडी," मास्तर म्हणाले.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"लग्नाच्या आधी."

"वर्णन सांगा."

"मध्यम उंची. अंगाने भरलेली. वर थोडं गवत."

हवालदार लिहीत होते. "सोबत कोणी होतं?"

"एक मुलगी होती."

"मग तिची तक्रार वेगळी द्यावी लागेल." त्यांनी नकाशा उलगडला आणि त्याच्या कापलेल्या कोपऱ्यातून आरपार आमच्याकडे बघितलं. "याला तर कात्री लागलीये. फेरफार केलेला पुरावा आम्ही घेत नाही. मूळ प्रत आणा."

मूळ प्रतीसाठी आम्ही तिघे बसने मोठ्या शहरातल्या नकाशांच्या कचेरीत गेलो. लांबच लांब खोली, भिंतीपासून भिंतीपर्यंत उथळ खणांची लोखंडी कपाटं, आणि काउंटरमागे एक बाई, विणकाम करत. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, एक खण ओढला आणि आमचाच नकाशा काढून पसरला. अख्खा, चारी कोपऱ्यांसकट. मास्तरांची नजर सगळ्यात आधी कोपऱ्यावर गेली.

"ही माझी कॉलर," ते त्यावर तळहात ठेवून म्हणाले.

बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "काय शोधताय?"

"टेकडी. ही, गिरणीमागची."

"टेकडी?" बाईंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "ही टेकडी नाही हो. हा खड्डा आहे. मुरमाची खाण."

औषधवाला खाली बसला. मास्तर मात्र अडून राहिले. त्यांनी मापांची गोष्ट सांगितली, बाहेर मोठं, आत लहान. बाई म्हणाल्या, "अहो, हे घेर नव्हेत, उंच्या आहेत. आकडा आत कमी होतोय, म्हणजे जमीन आत खाली जातेय. टेकडी असती तर आत वाढला असता." मास्तरांनी गोलाईच्या कटांबद्दल सांगितलं. बाईंनी बोट कोपऱ्यातल्या चौकटीवर ठेवलं. तिथे तशाच काड्यांची रेषा होती, आणि पुढे लिहिलं होतं: खळगा.

"चुण्या पडू नयेत म्हणून..." मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

बाईंना आमची दया आली असावी. त्यांनी त्याच जागेचा, काही वर्षांनंतरचा नकाशा काढला. त्यात वेटोळी दोनच उरली होती. मग त्याच्यानंतरचा: वेटोळी गायब, रस्त्यांच्या रेघा, चौकोन चौकोन घरं. "गावाचा कचरा आणि राडारोडा टाकून बुजवला असणार," त्या म्हणाल्या. "बरेच खड्डे असेच भरले." औषधवाल्याने क्षीण आवाजात विचारलं, खड्डा चोरीला गेला अशी तक्रार देता येईल का? बाईंनी खण ढकलून बंद केला.

मास्तर पहिल्या नकाशावर वाकलेले. त्यांचं बोट एका दुहेरी तुटक रेघेवरून सरकत होतं. "ही काय?"

"गाडीवाट. मुरूम वाहायची. इकडच्या अंगाने हळूहळू खाणीत उतरते. एवढी हळू की चालणाऱ्याला उतरतोय हे कळायचंही नाही."

"मी टेलरकडून निघालो तो ह्याच बाजूने," मास्तर म्हणाले. बोट वाटेवरून आत गेलं, वेटोळ्यांच्या मधोमध थांबलं, आणि तिथून समोरच्या कडेला पोचलं. कडेला लागूनच तो चौकोन होता. गिरणी. "वर बघितलं तेव्हा ती इथे होती." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मग जावईबापू, मी कुठे होतो?"

"तुम्ही खड्ड्यात होतात, मास्तर."

परत बसने निघालो. औषधवाल्याला समितीची काळजी. (ती वाया गेली. दुसऱ्याच दिवशी लोकांना त्या भागात ओल जाणवायला लागली, दाताच्या डॉक्टरांना 'खाली कोंदट' वाटू लागलं, आणि दुकानात मलमाच्या जागी सर्दीच्या गोळ्या लागल्या.) मास्तर खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "ती सांगत होती, सपाट होतं म्हणून. इतकी वर्षं सांगत होती."

घरी आल्यावर ते दुकानात थांबले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले. मी आणि बायको दाराशी उभे राहिलो. असं उभं राहणं बरं नव्हे हे आम्हाला कळत होतं.

"टेकडी नव्हती," मास्तर म्हणाले. "तुझं बरोबर होतं. खाण होती, तुमच्या गिरणीमागे. मी तळाशी होतो आणि मला ते कळलं नाही."

सासूबाईंनी गॅस बारीक केला. "खाण होती," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे की. तिच्या कडेपर्यंत सगळं सपाटच होतं, तिथे आम्ही कपडे वाळत घालायला जायचो. टेकडी कुठे होती म्हणून विचारलंत. खाण कुठे होती म्हणून कधी विचारलंत?"

"म्हणजे ती कडेला उभी होती."

"कोण ती? आम्ही तिघी जायचो."

आता बोलायचं काहीतरी, नुसतं 'तूच' म्हणून टाकायचं, एवढी अक्कल कुठल्याही नवऱ्याला असते. मास्तर खोटं बोलायला गेले असते तर मी त्यांना मनातून शाबासकी दिली असती. ते स्टुलावर बसले. गळ्यातली टेप काढून त्यांनी हाताभोवती गुंडाळली.

"मला माहीत नाही गं. ऊन तिच्या मागून येत होतं. तोंड दिसलंच नव्हतं. नुसती काळी आकृती. मला जे तोंड आठवतं ते तुझंच आहे, पण ते मी लग्नानंतर तिला लावलं. कधी लावलं ते कळलंसुद्धा नाही."

सासूबाईंनी गॅस बंद केला.

"आणि टेकडी शोधायला निघालो ते लोकांना दाखवायला नव्हे," मास्तर म्हणाले. "मी गोष्ट सांगितली की तू आतून खोटं म्हणायचीस. मला वाटायचं, हिला ती गोष्ट नकोच आहे. मी हिला मुळी बघितलंच नसतं तर बरं, असं हिला वाटतं."

"अहो, मला गोष्ट हवी होती," सासूबाई म्हणाल्या. "टेकडी नको होती. चढले नाही तर चढले कशी म्हणू?"

बायकोने माझा हात घट्ट धरला. माझ्याच्याने बघवेना आणि जाववेना.

सासूबाईंनी पदराने नव्हे, हातातल्या फडक्यानेच डोळे पुसले. मग फडकं ओट्यावर आपटलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो आवाज चढला.

"मीच होते ती."

"कशावरून?" मास्तरांनी विचारलं. काही केल्या या माणसाला गप्प बसता येत नाही.

"कशावरून काय? थोरली तिथे पोचली की झाडावर चढून बसायची, धाकटीचा हात दोरीला पुरायचा नाही. मीच होते. आणि नसले, तरी आता मीच आहे."